घरातली निरोगी बाई

"आणि माझं?" अक्कांनी विचारलं.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रुबीना एक काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवत होती. नळीत फिकट गुलाबी पाणी होतं. माझ्या रक्तात औषध घालून उकळलं की तो रंग येतो, हे तिनं मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. "काकू, शेंगतेल जुनं झालं की खवट होतं ना? तसं रक्तातल्या चरबीचंही होतं. शरीरावर ताण पडला की जास्त होतं. रंग जितका गडद, तितका खवटपणा जास्त." मागच्या खेपेला माझी नळी चांगली लालसर गुलाबी होती. आज ती फिकी पडली होती आणि पोरगी माझ्यापेक्षा जास्त खूश होती.

"तुमचं तर याहून छान आहे, मोठ्या काकू," ती अक्कांना म्हणाली.

"म्हणजे मला काय न्हाई?"

"काही नाही."

"नीट बघितलंस न्हवं?"

रुबीना हसली. "नीट बघितलं. निरोगी बायकांतसुद्धा तुमच्यासारखं रक्त फार थोड्या जणींचं निघतं."

अक्कांनी पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि उठल्या. "चल गं लीले," म्हणाल्या. "आज बसवेश्वराच्या देवळाकडनं जाऊ. नारळ फोडायचाय."

मला वाटलं, नारळ माझ्यासाठी.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा एसटीत कंडक्टर होते. पहाटेची पहिली गाडी, कधी मुक्कामाची गाडी, सणासुदीला जादा गाडी, असं माझं अर्धं आयुष्य घंटीच्या दोरीखाली गेलं. घर सांभाळलं ते अक्कांनी, माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. माझे दीर फार लवकर गेले. अक्कांना मूलबाळ नव्हतं. माहेरी परत चला म्हणून भाऊ न्यायला आले, तर "इथं लीलीची ड्यूटी हाय, पोराला कोण बघणार?" असं म्हणून त्यांनी भावांना चहा पाजून परत पाठवलं. माझा मुलगा अक्कांच्याच हातचं खाऊन मोठा झाला आणि नोकरीला पुण्याला गेला. आमचे हे सूतगिरणीत होते. माणूस भला, पण घरात दोन बायका बोलायला लागल्या की ह्यांना एकदम सायकलची हवा बघायची आठवण यायची.

त्या वर्षी माझ्या उजव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सरची. मिरजेच्या एका इस्पितळातल्या घोरपडे डॉक्टरांनी सांगितलं, आधी औषधानं गाठ लहान करायची, मग ऑपरेशन. सलाईनमधून जाणारं ते औषध लाल असायचं. दर तीन आठवड्यांनी एक डोस. पहिल्या डोसनंतर केस गेले, दुसऱ्यानंतर तोंडात फोड आले आणि नखं काळी पडली. ओकाऱ्या तर विचारूच नका.

रुबीना मुल्ला त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होती. ती काही उपचार करणारी डॉक्टर नव्हती. स्तनाच्या कॅन्सरमध्ये रक्तावर काय ताण पडतो यावर ती प्रबंध लिहीत होती, आणि प्रत्येक डोसच्या आधी माझं थोडं रक्त मागून घ्यायची. तुलनेसाठी तिला त्याच घरातली, त्याच चुलीवरचं खाणारी एक निरोगी बाई हवी होती. तिनं विचारलं आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत अक्कांनी बाही वर केली. मी बघतच राहिले. पायात खिळा घुसला तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन नको म्हणून ही बाई शेजाऱ्यांच्या गोठ्यात लपून बसली होती. माझ्यापायी ती सुई टोचून घेते, असंच मी तेव्हा धरून चालले.

दुसऱ्या डोसनंतर अक्का कुठल्याशा निसर्गोपचाराच्या शिबिराला जाऊन आल्या आणि आमच्या गच्चीवर गव्हाची शेती सुरू झाली. ट्रेमध्ये माती, मातीत गहू, वीतभर गवत वाढलं की कापायचं, मिक्सरमधून काढायचं, फडक्यातून पिळायचं. सकाळी उठल्या उठल्या तो हिरवागार पेला माझ्या पुढ्यात. वास ओल्या कुरणासारखा. ट्रे इतके झाले की वाळवणाला जागा राहिली नाही.

"अक्का, मला दावणीला बांधायचं तेवढं राहिलंय," मी म्हणायचे.

"पी गुमान," त्या म्हणायच्या. मीही प्यायचे, कारण त्या पहाटे उठून करायच्या.

तर त्या दिवशी देवळातून आलो आणि जेवणं व्हायच्या आधीच अक्कांनी विषय काढला.

"आता त्यो लाल डोस बंद करायचा."

ह्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "म्हणजे?"

"रक्त सुधारलंय तिचं. नळी बघून आलोय आम्ही. रसानं गुण दिलाय. मग कशापायी तिला जाळत बसायचं? नखं बघा तिची. शुक्रवारी डोस हाय न्हवं? न्यायचं न्हाई."

"डॉक्टरांना विचारावं लागेल," हे म्हणाले.

"डॉक्टर व्हय म्हणंल का? त्याचं दुकान हाय ते."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रुमाल बांधलेलं डोकं भिंतीला टेकून बसले होते. "एखादा डोस पुढे ढकलला तर..." ते चाचरत म्हणाले, "तेवढीच हिला ताकद येईल."

खरं सांगायचं तर मलाही थांबायचं होतं. त्या लाल औषधाची नुसती आठवण झाली तरी माझ्या पोटात ढवळायचं. अक्का म्हणत होत्या ते ऐकलं असतं तर शुक्रवारी मी घरात माझ्या अंथरुणात पडून राहिले असते. एवढं सुख कुणाला नको असतं? पण मला एक खोड आहे. नोटेकडे दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय मी ती कधी पिशवीत टाकली नाही. रक्त सुधारलं म्हणजे गाठ कमी झाली का, हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी "डेपोत रजेचा अर्ज देऊन येते" असं सांगून मी एकटीच निघाले आणि इस्पितळ गाठलं.

रुबीना नळ्या धूत होती. मी सरळ विचारलं, "बाळ, माझी नळी फिकी झाली म्हणजे माझी गाठ बारीक झाली का?"

तिच्या हातातला ब्रश थांबला. "नाही काकू. ते आणि हे वेगळं. मी गाठ मोजत नाही. रक्तात ताण किती आहे, एवढंच मला कळतं."

"मग ताण कमी झाला हे चांगलं की वाईट?"

ती स्टुलावर बसली. मलाही बसवलं. "खरं सांगू? लाल औषध चालू असताना तो वाढतो. औषध कॅन्सरच्या पेशींना मारतं ते काही अंशी असा ताण देऊनच. तुमचा उतरला याचं मलाही नवल वाटलं होतं. तुम्ही घरी काही घेताय का?"

मी गव्हाच्या गवताचं सांगितलं. रोज पेलाभर. ती उठली आणि मला हाताला धरून घोरपडे डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी करायला लावली आणि जुन्या चित्राशेजारी नवं चित्र धरून बराच वेळ बघत राहिले.

"गाठ जशीच्या तशी आहे," ते म्हणाले. "एव्हाना उतरायला हवी होती."

"रसामुळे?"

"तसं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. हिलाही माहीत नाही, म्हणून तर ही तुमचं रक्त घेते. कदाचित औषधाचाच गुण उशिरा येईल. पण माहीत होईपर्यंत मी धोका पत्करणार नाही. रस बंद. डोस शुक्रवारी, ठरल्याप्रमाणे. येणार ना?"

"येणार," मी म्हणाले.

बाहेर पडताना रुबीना माझ्या मागोमाग आली. "काकू, मोठ्या काकूंनाही सांगाल? त्याही रस घेत असतील तर त्यांचं रक्त मला तुलनेला धरता येणार नाही."

"छे. अक्का फक्त माझ्यापुरता करतात. त्यांना त्याचा वाससुद्धा खपत नाही."

"असं होय," ती म्हणाली. "मग त्यांचं एवढं चांगलं कसं आलं?"

परतीच्या गाडीत आमच्याच डेपोची एक नवी पोरगी कंडक्टर होती. माझ्या डोक्यावरचा रुमाल बघून तिनं पुढची सीट रिकामी करून दिली. मी बसले आणि गाडी हलली तशी माझी विचारांची चाकंही फिरायला लागली. एवढे ट्रे एका माणसाला कशाला लागतील? सुईला भिणारी बाई मागितल्याबरोबर बाही का वर करेल? आणि "मला काय न्हाई?" हे दोन-दोनदा विचारून घेतल्यावर नारळ फोडायची घाई कुणाला होते? आमचा थांबा आला तो मला कळलासुद्धा नाही. त्या पोरीनं हाक मारून उतरवलं.

अक्का गच्चीवर कात्रीनं गवत कापत होत्या.

"दिलास अर्ज?"

"अक्का, रस तुम्हीपण पिता?"

कात्री जराशी अडखळली. "चव बघाया लागतीच की."

"नुसती चव बघून रक्त एवढं सुधारत नाही."

अक्कांनी कात्री खाली ठेवली. शेजारच्या चिंचेकडे बघत राहिल्या. बिनतिकिटाचा माणूस कंडक्टरकडे कधी बघत नाही, तो खिडकीबाहेर बघतो. इतकी वर्षं मी तीच नजर ओळखून पोट भरलं होतं.

"अक्का, कुठल्या बाजूला?"

खाली रस्त्यावर कुणीतरी भांडी विकत होतं, त्याची हाक येऊन गेली.

"डाव्या," अक्का म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुझ्या आधीपासनं."

मी तिथंच कठड्याला टेकून खाली बसले. मला आधी संताप आला. असा संताप की तो ट्रे उचलून खाली रस्त्यावर भिरकावून द्यावा. मग रडू आलं आणि दोन्ही एकत्रच चाललं.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगणारच हुते. तवर तुझंच निघालं. दोघीबी अंथरुणाला लागल्यावर घरात करायचं कुणी? तुझं भात-वरण कुणी शिजवायचं? त्यो तुझा नवरा?" त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "आन त्या पोरीला इचारलं की मी. दोनदा इचारलं. काय न्हाई म्हणाली. रक्तात असतं तर तिला दिसलं नसतं व्हय?"

"ती गाठ बघत नाही, अक्का. ती रक्तातला ताण मोजते. माझंही रक्त फिकं झालं होतं ना? आज तपासून आले. माझी गाठ होती तेवढीच आहे."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तेवढीच?"

"तेवढीच."

अक्कांच्या हातातली गवताची मूठ सुटली. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, गुडघे जवळ घेऊन, जशा मी कधी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं.

"तुझं सुईबिगर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या, "तर मलाबी सुई लागली नसती."

आदल्या दिवशीपासून त्या कशासाठी इतक्या भांडत होत्या ते मला तेव्हा कळलं. मी रसानं बरी होण्याशी त्यांनी आपला जीव बांधून ठेवला होता. माझ्यावर प्रयोग करून बघण्याची ती लबाडी नव्हती. पहाटे उठून पहिला पेला त्या मलाच द्यायच्या. पण भीतीनं माणूस काय काय खरं मानून बसतं, ते मी त्या गच्चीवर पाहिलं.

"शुक्रवारी माझ्यासोबत चला. घोरपड्यांना दाखवा."

"न्हाई."

"अक्का."

"त्या बाप्यासमोर कापडं काढू व्हय? आधी तुझं पार पडू दे. मग बघू."

"मग म्हणजे कधी?"

त्या उठल्या आणि स्वयंपाकाला लागल्या. मी दोन दिवस समजावलं, हातापाया पडले, अबोलाही धरून बघितला. अक्का भांडी घासत राहिल्या. ह्यांना सांगू नको म्हणून मला शपथ घातली. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे. दारू पिऊन चढलेल्या आडदांड माणसांना मी भर रस्त्यात खाली उतरवलंय. आपल्या जाऊबाईला आत चढवता येत नाही म्हणजे काय?

शुक्रवारी अक्का माझ्यासोबत आल्या, नेहमीसारख्या, मोसंब्यांची पिशवी घेऊन. डोस नको म्हणणं त्यांनी सोडलं होतं. मी खुर्चीवर बसले. लाल औषधाची बाटली टांगली गेली. सिस्टर सुई घेऊन आल्या.

"हात द्या, काकू."

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. "देणार नाही."

सिस्टरनी आधी लाडीगोडी केली, मग आवाज चढवला, मग डॉक्टरांना बोलावून आणलं. घोरपडे कपाळाला आठ्या घालूनच आले. "आता काय?"

"डॉक्टर, दारात माझ्या जाऊबाई उभ्या आहेत. त्यांना डाव्या बाजूला गाठ आहे. त्यांना तपासा. तोवर मी हात देणार नाही."

आमचे हे थर्मास घेऊन उभे होते, ते उभ्या उभ्या पांढरे पडले. हॉलमधल्या सगळ्या बाया दाराकडे बघायला लागल्या.

"ही काय अडवणूक आहे का?" डॉक्टर म्हणाले.

"होय."

"डोस चुकला तर नुकसान तुमचं आहे. गाठ अजून उतरलेली नाही, हे मी तुम्हाला सांगितलंय."

"मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे, म्हणूनच."

"लीले," दारातून अक्का म्हणाल्या, "चारचौघांत माझी शोभा करतीस?"

"करते."

"हात दे म्हणते ना."

"तुम्ही आत जा, मी देते."

"मरशील की गं."

"मग दोघी मरू. घरात करायला हे आहेतच."

अक्कांचा चेहरा वाकडातिकडा झाला. त्या तेव्हा रडल्या. आजही ते मान्य करत नाहीत, डोळ्यांत औषधाची वाफ गेली म्हणतात. कुणीतरी प्रयोगशाळेत सांगितलं असावं, कारण रुबीना तिच्या पांढऱ्या कोटात धावतच आली. तिला बघून अक्का म्हणाल्या, "तूच म्हणालीस, मला काय न्हाई."

पोरीनं खाली बघितलं. मग वर बघून म्हणाली, "मी रक्ताबद्दल बोलत होते, मोठ्या काकू. तुम्ही कशाबद्दल विचारताय ते मी विचारायला हवं होतं. चुकलं माझं." तिनं अक्कांच्या हातातली मोसंब्यांची पिशवी काढून घेतली आणि ह्यांच्याकडे दिली. "मी येते तुमच्यासोबत आत. बाई डॉक्टरांना बोलावू. पडद्याशी मी उभी राहते."

अक्का जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. पदराखाली मी हात एकात एक गुंतवून घट्ट धरले होते. त्या आत गेल्या नाहीत तर मी खरंच डोस सोडला असता का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. सोडला असता.

अक्कांनी चपला काढल्या, देवळात काढतात तशा दाराबाहेर जोडीनं ठेवल्या आणि रुबीनाच्या मागून तपासायच्या खोलीत गेल्या. दार लागलं. मग मी सिस्टरना हात दिला.

औषध अर्धं उतरलं तेव्हा अक्का परत आल्या. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि मोसंबं सोलायला घेतलं.

"सोमवारी सुई घालून तुकडा काढणार हाईत," त्या म्हणाल्या.

"बरं."

"सोबतीला कोण येणार, असं इचारलं त्यांनी. मी तुझं नाव सांगितलं."

"मी? अक्का, डोसनंतर तिसऱ्या दिवशी मला मान उचलवत नाही. ह्यांना न्या."

"बाप्या माणसाचं काय काम तिथं?" त्यांनी एक फोड माझ्या तोंडात घातली. "बसायला तर येशील?"

सोमवारी रिक्षात मी प्लॅस्टिकची पिशवी तोंडाशी धरूनच बसले होते. अक्कांनी नवी इरकल नेसली होती आणि कपाळाला विभूती लावली होती. इस्पितळाच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. त्यांचा हात बर्फासारखा होता आणि माझा तापानं कढत.

आतून एक नवी सिस्टर आली. तिनं अक्कांकडे बघितलं. धडधाकट बाई, भरलेलं अंग, तेल लावलेला घट्ट अंबाडा. मग माझ्याकडे बघितलं. माझा रुमाल, माझी काळी नखं. ती माझ्यापाशी वाकली आणि माझ्या दंडाला धरून हळू आवाजात म्हणाली, "चला काकू, घाबरू नका. आत जाऊन आडवं व्हायचं."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्यावर त्यांना उठून निघून जाता आलं असतं.

मी भिंतीला धरून उभी राहिले. दुसऱ्या हातानं अक्कांना उठवलं.

"पेशंट ह्या आहेत," मी म्हणाले. "मी सोबतीला आलेय."